एकाचा फरक

चाळीसगाव

चि. मनीषा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, एवढ्या मोठ्या आकड्यात एकाने चुकलं तर काय बिघडतं?" आडतीवर शेतकरी वजनाला उभे होते, बोलता आलं नाही. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितो.

लहानपणी तुला पाटणादेवीला नेलं होतं, आठवतं? त्या पाटणच्या शके 1128 च्या शिलालेखात आहे की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. शेवटचा भाग तर चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा राजाचा कर त्या मठाला दिला होता. जन्मभर बाजारात बसलेल्या माझ्यासारख्याला ते वाचून भरून येतं.

भास्कराचार्यांनी बीजगणितात एक प्रश्न सोडवलाय. कोणत्या संख्येचा वर्ग 61 ने गुणून त्यात 1 मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? 61 च्या जागी 60 असते तर सोपं होतं: 4 चा वर्ग 16, साठपट 960, एक मिळवला की 961, म्हणजे 31 चा वर्ग. 62 लाही 8 आणि 63 वर भागतं. मधल्या 61 चं सगळ्यात लहान उत्तर मात्र 22,61,53,980 आणि 1,76,63,19,049! फ्रेंच गणितज्ञ फर्मा यानं हाच प्रश्न 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना घातला. आपल्याकडे तो पाचशे वर्षं आधी सुटला होता.

मी रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर तो गुणाकार हाताने करायला घेतला. मोठ्या आकड्याच्या अंकांची बेरीज 46, तिची 10, तिचा 1. म्हणजे वर्गाच्या अंकांची बेरीजही शेवटी 1 च यायला हवी. माझी 3 आली. शोधत गेलो, तर एका ओळीत हातचे 7 घ्यायचे राहिले होते. तिसऱ्या रात्री जमलं. एकीकडे मोठ्या आकड्याचा वर्ग 3119882982860264401, दुसरीकडे लहानाच्या वर्गाची 61 पट 3119882982860264400. अठरा अंक सारखे, आणि शेवटी तो एक. पोरी, सगळा प्रश्न त्या एकासाठीच तर मांडलेला आहे!

त्यांच्या रीतीचं नाव चक्रवाल. सुरुवात अगदी हाताशी असते: 8 चा वर्ग 64, 61 पेक्षा 3 जास्त. पुढचा फेरा 39 आणि 5 वर येतो: 39 चा वर्ग 1521, 5 च्या वर्गाची 61 पट 1525, फरक 4. शिल्लक किती राहिली ते दर फेऱ्याला बघायचं आणि तिच्यावरूनच पुढचा आकडा काढायचा.

इथून पुढे मला तुझी मदत हवी. 29718 चा वर्ग दुप्पट करून 1 मिळवला की तो अब्जाचा आकडा नेमका येतो, हे मी ताडून पाहिलंय. 29718 च्या वर्गात 1 मिळवला तर 3805 च्या वर्गाची 61 पट होते, तेही जुळलं. पण 39 आणि 5 वरून तिथवर कसं पोचायचं, ते मला मांडता येत नाही. पानं सोबत पाठवतोय. दुसऱ्या पानावरचा विसरलेला 7 लाल शाईने केलाय. मागची बाजू कोरी आहे, तिथे लिही.

तुझे,
आप्पा