चूक सांगणाऱ्या सिस्टरला मेमो देऊ नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून माझी २१ वर्षं गेली. दर १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं, भाषण होतं. मला दुसरं काही मागायचं आहे.

आमच्या वॉर्डात एका रात्री ४६ रुग्ण होते आणि सिस्टर दोन. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक असा आहे. त्या दोघींतली एक नोकरीत जेमतेम सात महिने झालेली. पहाटे तिने ११ नंबरच्या पेशंटला १७ नंबरचं अँटिबायोटिक दिलं. लक्षात तिच्याच आलं. लगेच डॉक्टरांना बोलावलं, बीपी-पल्स बघत दोन तास ती त्याच्या उशाशी उभी राहिली. पेशंटला काही झालं नाही. सकाळी राउंडला नातेवाइकांसमोर तिला झापलं, दुपारी हातात मेमो. ४६ जणांना दोनच सिस्टर का, हा प्रश्न त्या मेमोत कुठेच नव्हता.

पंधरा दिवसांनी मी तिच्याकडून ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेत होते. एका आजोबांची सलाइन तासभर उशिरा लागल्याचं त्यांच्या मुलाने मला सांगितलं होतं. रिपोर्ट बुकात वेळ मात्र बरोबर, खाली तिची सही. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. मीही काही बोलले नाही. ते अजून सलतं.

रात्रपाळी, मरण, रडारड हे आम्ही पत्करलेलंच आहे. पण काही घडलं तर आपल्यामागे कुणी उभं राहणार नाही, हे मनात घेऊन रोज कामावर येणं फार जड जातं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले आणि काही दिवसांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. तेव्हा आमच्या आयसीयूतल्या मुली मॉनिटरइतक्याच वेळा भिंतीवरच्या स्विच बोर्डाकडे बघायच्या.

पुढे माझी दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. माणसं तिथेही कमीच. पण इन्चार्ज सिस्टर नाइटच्या मुलींना सकाळी आधी म्हणायच्या, "चहा घे, मग सांग रात्री काय काय झालं." तिथे चूक त्याच दिवशी वहीत यायची. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या, त्या अशाच एका नोंदीमुळे. तीन वर्षांत त्या वॉर्डातून कुणी बदली मागितली नाही.

रिक्त जागा भरायला वेळ लागेल, पण परिपत्रकाला लागत नाही. स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर मेमो निघणार नाही, असं एकदा लिहून द्या. चौकशी करायची तर त्या पाळीत रुग्ण किती आणि सिस्टर किती, हे पहिल्या ओळीत लिहिणं सक्तीचं करा. आणि बोलायचं ते बंद दाराआड बोलू द्या, पेशंटसमोर नको.

ती मुलगी नोकरी सोडून आता जर्मन शिकते आहे. फार हलका हात होता तिचा. सुकलेल्या म्हाताऱ्यांची शीरसुद्धा तिला पहिल्याच प्रयत्नात सापडायची.

आपली,
एक अधिपरिचारिका