पणजीत जेवायला शिकवणाऱ्या माईंना

ती. माईंस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्यापुढे आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच पावसाचा नाहीतर बसचा विषय काढता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय. नोकरीसाठी सातारा, कोल्हापूर, बेळगाव, नांदेडकडून गोव्यात येऊन एकट्या राहणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं, असं मनापासून वाटतं.

मी पणजीत आले तेव्हा उपाशी राहण्याची वेळ नव्हती. खोलीवर गॅस होता, दुपारचा डबा लावला होता. अडचण होती ती एकटीने हॉटेलात शिरण्याची. सकाळच्या गर्दीत चार अनोळखी माणसं बसलेल्या टेबलाशी जाऊन पाचवी खुर्ची ओढायची, हे आमच्याकडच्या मुलींच्या अंगवळणी नसतं. इथल्या जुन्या कॅफेंत आत फॅमिली रूम असते, तिथे भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि वेटरने पहिलं नाव घेतलं तेच मागवायचं, असं माझं चाललेलं. तुम्ही तिथे मला पाहिलंत, समोर येऊन बसलात आणि म्हणालात, "आत बसलीस तर लोक काय खातात ते तुला कळणार कसं गो?" मग माझी बशी उचलून तुम्ही सरळ बाहेरच्या मोठ्या टेबलावर नेऊन ठेवलीत. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. एका काकांनी आपला 'नवप्रभा' थोडा बाजूला घेतला, तेवढंच.

त्या टेबलावर तुम्ही मला दुसऱ्याच्या ताटात बघायला शिकवलंत. आमच्याकडे ते वाईट समजतात, इथे त्याशिवाय गत्यंतर नाही. भिंतीवर पाटी असली तरी तिच्यात अर्धंच असतं, उरलेलं वेटरच्या तोंडी: पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, टोमॅटो, चणा, सलाड. तो हे इतक्या भरभर म्हणतो की नव्या माणसाला शेवटचा शब्द तेवढा ऐकू येतो. तुम्ही मला बोटाने नाही, नजरेने दाखवत होतात. तो कोपऱ्यातला मिक्स खातोय, म्हणजे वाटाण्याची पातळ भाजी आणि बटाट्याची सुकी एकाच बशीत. त्याच्या शेजारचा पावाऐवजी पुरी घेतोय, आज पुऱ्या ताज्या असणार. तो तिसरा मिरची भजी मोडून पातळ भाजीत बुडवतोय, तसं करून बघ. मी तसं करून बघितलं. अजूनही तसंच खाते.

त्या बशीत काय काय आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी खाता खाता थांबले होते. बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आली. पाव करायला जेझुइट पाद्र्यांनी दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या लोकांना शिकवलं. यीस्ट मिळत नसे, म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. आणि हे सगळं ज्यात एकत्र नांदतं ते खोबऱ्याचं वाटप इथल्याच पाट्या-रगड्यावरचं. शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात हे मला नंतर कळलं. तुमच्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटतो. पण त्यांना तुम्ही फळ्यावर शिकवलंत, मला बशी पुढ्यात ठेवून.

गोव्यातल्या खाण्याच्या जागांविषयी लिहिणारे बहुतेक जण पत्ते देतात. तुम्ही मला वेळा दिल्यात. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर तुम्ही लिहून दिलेलं ते टिपण अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्यावर दुकानांची नावं थोडी, घड्याळाचे काटे जास्त. पोदेर, म्हणजे पाववाला, किती वाजता आपल्या गल्लीत येतो आणि त्याच्या भोंग्याचा पों पों आवाज आल्यावर किती वेळात खाली पोचायला हवं. पोई हवी असेल तर पहिल्या फेरीलाच, कारण कोंड्याची ती पोकळ पोई गरम असतानाच खरी. उंडो हा गोल पाव संध्याकाळीही चालतो, बांगडीसारखी कडक कांकणं चहासाठी दोन दिवस टिकतात. भाजी सकाळी दहाच्या आत, नंतर तळाची राहते. जेवण साडेबारा ते दोन, त्यापुढे जाऊ नये, कारण भांडी घासायला निघालेली असतात आणि दुपारी सगळं शहर शटर ओढून आडवं होतं. चारला चहा आणि बन्स. दिवेलागणीनंतर गाडे.

गाड्यांची मला भीती वाटायची हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुम्ही स्वतःच एका संध्याकाळी कांपालच्या बाजूला फिरायला म्हणून नेलंत आणि रस ऑम्लेटच्या गाड्यापुढे उभं केलंत. कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेलं साधं ऑम्लेट, वर शागोतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या मसाल्यातल्या कोंबडीचा, गरम रस, कच्चा कांदा, लिंबू आणि सोबत पाव. भाजलेलं खोबरं आणि खसखशीचा तो वास समुद्राच्या वाऱ्यात मिसळला की भूक नसलेला माणूसही थांबतो. तिथे कॉलेजची मुलं होती, ड्यूटी संपलेले पोलीस होते, कडेवर पोर घेतलेली एक बाई होती. सगळी उभ्याने खात होती. दुसऱ्या आठवड्यात मी एकटी गेले. गाडेवाल्याने विचारलं, "माई येवंक ना?" म्हणजे, माई आल्या नाहीत? त्या एका प्रश्नाने माझी त्या गर्दीत जागा झाली.

लोक मला विचारतात, कॅफे टाटो चांगलं की कॅफे भोसले? टाटो १९१३ पासूनचं, भोसलेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचं, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या भाजीसाठी वाद घालायला तयार असतात. तुम्ही मात्र कधी एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवलं नाहीत. "घराजवळचं जे असेल ते आपलं," म्हणायचात. मला हे फार पटतं. माझं घर पणजीतल्याच मळा ह्या जुन्या भागात. तिथे '३१ द जानेरो' नावाची १९३० पासूनची बेकरी पायी अंतरावर आहे. पगाराच्या दिवशी ऑफिसातून येताना तिथून काहीतरी घेऊन घरी जाते, आणि त्या रस्त्याने चालताना हे शहर थोडं माझंही आहे असं वाटतं.

मासळीचं शिक्षण वेगळंच. सोमवारी तुमच्या घरी नुस्तें, म्हणजे मासळी, नाही आणि पणजीतल्या कितीतरी हिंदू घरांत तसंच, म्हणून त्या दिवशी खाणावळीत शाकाहारी ताटाला जोर असतो. आठवड्याच्या इतर दिवशी ताटाबरोबर येणारा बांगडा किंवा मोडसो बघायचा, इसवण किंवा चोणक वेगळी मागवायची घाई करायची नाही. ताटाची परीक्षा हुमणावर, म्हणजे माशाच्या आमटीवर, आणि सुक्या मासळीच्या किसमुरीवर करायची, तळलेल्या तुकडीवर नाही, कारण तळलेलं सगळीकडे बरं लागतं. हा तुमचा नियम मी बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आणि १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस कसे काढायचे तेही तुम्हीच शिकवलंत. ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, समुद्रात मासळीची वीण होते, आणि तेव्हा मोठी मासळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला बर्फातली परगावची मासळी मिळते. तुम्ही म्हणालात, त्या दिवसांत नदीकडे बघ. शेवटो, काळुंदर, तिसऱ्या, खुबे. नाहीतर सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (सुका जवळा), भाजलेला सुका बांगडा आणि उकड्या तांदळाची पेज. बाहेर पाऊस धो धो पडत असताना खाल्लेली ती पेज मला कुठल्याही मेजवानीपेक्षा मोठी वाटली.

त्याच पावसात रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी, म्हणजे रानातली अळंबी, विकायला बसलेल्या बाया पाहून मी लगेच पैसे काढले होते. तुम्ही मला थांबवलंत. ती वारुळावर उगवतात, वाळवी आपल्या वारुळात ती बुरशी पोसते, आणि उघडण्याआधीच सगळी खुडून नेली तर बीजं पसरायला काही उरत नाही, हे तुम्ही तिथेच उभ्या उभ्या समजावलंत. त्या विकणाऱ्या बाईशी मात्र तुम्ही एक कडू शब्द बोलला नाहीत. तिच्याकडून तायकिळ्याच्या पालेभाजीची जुडी घेतलीत आणि तिच्या मुलाची चौकशी केलीत. खाण्यावर प्रेम असणं म्हणजे काय, हे मला त्या पाच मिनिटांत जितकं कळलं तितकं कुठे कळलं नाही.

आईच्या वेळचं लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आई माळकरी. गोव्यात आपल्याला खायला काय मिळणार, या काळजीने ती साताऱ्याहून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती. तुम्ही तिला अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, नेलंत. मंगेशीच्या देवळात उभं करून सांगितलंत की हा देव मूळचा कुठ्ठाळीचा, पोर्तुगीजांच्या धाकाने लोकांनी १५६० च्या सुमारास त्याला नदीपार इकडे आणला. फोंड्याचा मुलूख तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. म्हणून इतकी देवळं इथे दाटीने आहेत, आणि देवळांबरोबर कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाकही इथे टिकला. जवळच्या छोट्या खाणावळीत तुम्ही आदल्या दिवशीच निरोप ठेवला होता. अनेक भाज्यांचं खतखतें आलं, अळसांद्यांची उसळ आली, शेवटी मणगणें आलं. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचं दूध. खतखत्यातलं तिरफळ चावू नका, बाजूला काढा, असं तुम्ही आईला सांगितलंत आणि आईने घरी न्यायला म्हणून ती तिरफळं एकेक करून रुमालात बांधून घेतली. तुम्ही हसला नाहीत. येताना फोंड्याच्या बाजारातून तिला पावशेर तिरफळं घेऊन दिलीत. आमच्याकडे आता आमटीत तिरफळ पडतं, बाबांना ते अजिबात आवडत नाही, तरी पडतं.

तुमच्या रविवारच्या मंडळींविषयी काय लिहू? निवृत्त कारकून, फेरीबोटीवर काम केलेले काका, दोन कॉलेजची मुलं, बँकेतल्या ताई, अधूनमधून मी. ना नाव, ना वर्गणी. नियम मात्र पक्के. फोटो काढायचा तर आधी मालकाला विचारायचं. गर्दी असेल तर खाऊन झाल्याबरोबर उठायचं, कारण मागे कामावर जाणारा माणूस उभा असतो. सुटे पैसे आणायचे. एखाद्या दिवशी भाजी बिघडली असेल तर ते मालकाच्या कानात सांगायचं, गावभर नाही. ह्या शेवटच्या नियमावर आपल्यात एकदा वाद झाला होता. त्या मुलांचं म्हणणं होतं की खरं ते सगळ्यांना कळायला हवं. तुमचं म्हणणं असं की पहाटे चारला उठून नारळ खवणाऱ्या बाईला एका वाईट सकाळीसाठी गिऱ्हाईक घालवावं लागू नये. मी तेव्हा गप्प होते. आज सांगते, मी तुमच्या बाजूची आहे. मोठ्या हॉटेलांना लोकांचे शेरे सोसतात, चार टेबलांच्या कॅफेला सोसत नाहीत. आणि उलटंही तितकंच खरं: फार स्तुती झाली की बाहेरच्या गाड्या येऊन थांबतात आणि रोजच्या काकांना बसायला खुर्ची मिळत नाही. म्हणून ह्या पत्रातही त्या तुमच्या आवडत्या दोन जागांची नावं मी घातलेली नाहीत. ज्याला हवी असतील त्याने सकाळी आठला बाहेर पडावं आणि बाहेरच्या मोठ्या टेबलावर बसावं.

माई, माणसं मला इथे ऑफिसात भेटली, शेजारात भेटली, पण मी आजारी पडले तेव्हा पेज घेऊन जिना चढून आल्या त्या रविवारच्या टेबलावरच्या ताई. खोलीचा करार संपला तेव्हा नवी खोली शोधून दिली ती फेरीबोटीवाल्या काकांनी. ही सगळी ओळख तुम्ही माझी बशी बाहेर नेऊन ठेवलीत तिथून सुरू झाली. त्याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे, आणि हे ऋण मला फेडायचंही नाही.

आता कामाचं. पावसाआधीच्या पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या, खरेदीसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचं तुम्ही म्हणाला होतात. मी येत्या शुक्रवारची रजा टाकली आहे. सुका बांगडा, सोलं, खोला गावची मिरची आणि मिळाली तर मयडेची केळी, अशी माझी यादी आहे, तुमची फोनवर सांगा. सकाळी साडेसातला कदंबाच्या स्टँडवर उभी राहते. तिकीट आणि तिथली भाजी-पाव ह्या वेळी माझ्याकडून, त्यावर वाद घालायचा नाही.

देव बरें करूं.

तुमची,
मळ्यातली सातारकरीण