न हलणारी तोफ आणि आमचे साडेतीन हजार रुपये

प्रति,
व्यवस्थापक,
वितरण व ग्राहक सेवा विभाग

विषय : कारगिल युद्धावरील आपल्या चित्रपटाच्या सामूहिक प्रदर्शनाचे शुल्क परत मिळणे व जाहिरातीतील खोटी ओळ काढून टाकणे.

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्याकडून मला एसएमएस आला : ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ समाधान नेमकं कुणाचं झालं ते त्यात लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही, आमच्या सोसायटीत कुणाचंच झालेलं नाही, म्हणून हे पत्र. ख्यालीखुशाली विचारत नाही.

चित्रपट तुमचाच आहे, तेव्हा कथा सांगत बसत नाही. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, तो सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवण्यासाठी आम्ही रीतसर परवानगी घेतली आणि साडेतीन हजार रुपये भरले. पावती सोबत जोडली आहे. पैसे भरायचं कारण एकच. तुमच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत छापलंय : ‘माजी सैनिकांच्या देखरेखीखाली चित्रित’. आम्ही नाशिकरोडला राहतो. इकडे तोफखान्याचं केंद्र, तिकडे देवळालीला तोफखान्याची शाळा. आमच्या इमारतीत जिन्यात कुणाला धक्का लागला तर तो बहुधा रिटायर्ड गनरच निघतो. वर्गणी काढताना मी प्रत्येकाला तीच ओळ वाचून दाखवली होती. आता लिफ्टमध्ये भेटले की लोक मलाच ती ओळ वाचून दाखवतात.

आता तुमची तोफ.

बोफोर्स ही १५५ मिलिमीटरची तोफ आहे. गोळ्याचं वजन चाळीस किलोच्या वर. तो सुटला की बॅरल झटक्यात मागे जाते आणि पुन्हा जागेवर येते. याला रिकॉइल म्हणतात आणि ते टाळता येत नाही, कारण तो न्यूटनचा नियम आहे, दिग्दर्शकाचा नव्हे. तुमची बॅरल तसूभरही हलत नाही. तोंडातून होळीच्या रंगीत धुरासारखा धूर निघतो, ‘धडाम्’ असा आवाज होतो आणि बॅरल आपली ढिम्म. मध्यंतराच्या आधी तुमच्या कॅमेरामनला काय सुचलं कोण जाणे, तो बॅरलच्या इतक्या जवळ गेला की पडद्यावर प्लायवूडचा जोड दिसला, जोडावर भरलेली पुट्टी दिसली आणि हिरव्या रंगाखाली बुजवायच्या राहिलेल्या स्क्रूची दोन डोकी दिसली. पहिल्या रांगेत बसलेले तिसऱ्या मजल्यावरचे सुभेदारसाहेब तोपर्यंत हसत होते. स्क्रू दिसल्यावर त्यांनी हसणं थांबवलं.

शिवाय तुमचा नायक तो गोळा एका काखेत घेऊन पळतो. दुसऱ्या हातात झेंडा आहे. बोफोर्सवर गोळा चढवायला यंत्रणा असते, तोफेवर पाच-सहा माणसांची तुकडी असते, प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि सगळं जमून आलं की पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे जातात. तुमच्याकडे एकच माणूस भरतो, नेम धरतो, दुर्बिणीतून बघतो, डागतो आणि मधल्या वेळेत आईला पत्र लिहितो.

‘समोर दिसणाऱ्या शिखरावर थेट मारा झालाच होता की,’ असं तुमच्यातला कुणी जाणकार म्हणेल. झाला होता, मान्य. पण तोफखान्याचं बरंचसं काम असं चालतं की तोफेला लक्ष्य दिसतच नाही. पायदळाबरोबर वर चढलेला ओपी अधिकारी, म्हणजे गोळे कुठे पडतात ते बघणारा तोफखान्याचा निरीक्षक, वायरलेसवरून सांगतो, इतकं डावीकडे घ्या, इतकं वाढवा, आणि खालचे लोक त्याच्या शब्दावर गोळे टाकतात. वर आपलीच पोरं असतात. आकडा चुकला तर गोळा त्यांच्यावर पडणार. युद्धाच्या सिनेमाला याहून जास्त नाट्य कुठलं हवं होतं? आणि याला खर्च किती? एक वायरलेस सेट, एक नकाशा, एक दगडी आडोसा आणि दोन बरे नट. कालिदास कलामंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला आमची हौशी पोरं एका टेबलावर अख्खी लढाई उभी करतात. ‘सर, लो बजेट फिल्म आहे’ हे मला तुमच्या प्रत्येक माणसाने ऐकवलं. बजेट कमी असणं हा गुन्हा नाही. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकचे. १९१३ साली पहिला चित्रपट काढला तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. पैसे नव्हते म्हणून त्यांनी कुणाला फसवलं नाही.

फाळक्यांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या शत्रूबद्दलही बोलू. शत्रूचे सैनिक मोजून पाच. त्यातल्या एकाच्या मनगटावर लाल धागा आहे. तो पहिल्या हल्ल्यात मरतो, दुसऱ्या हल्ल्यातही मरतो आणि शेवटी आपल्या बाजूने ‘भारतमाता की जय’ म्हणत टेकडी चढतो. अण्णा साळुंके यांनी फाळक्यांच्या चित्रपटात १९१७ साली राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या होत्या, हे नाशिककरांना माहीत आहे. पण त्यांनी निदान एकमेकांवर गोळ्या तरी झाडल्या नव्हत्या.

आणि तोलोलिंग, द्रासजवळचं ते शिखर! तोलोलिंगवर झाड औषधालाही नाही. पंधरा हजार फुटांच्या आसपासची उंची, उघडे दगड, आडोशाला काही नाही, म्हणून तर तिथे इतकी माणसं गेली. तुमच्या तोलोलिंगवर घाणेरी फुललीये. पिवळी-गुलाबी फुलं, वर फुलपाखरू. मागे काळ्या कातळाच्या पायऱ्या-पायऱ्या आणि एक छोटा धबधबा. महोदय, हा आमचा त्र्यंबक रस्त्याकडचा डोंगर आहे, श्रावणात आम्ही तिथे भजी खायला जातो. नाशिककरांना नाशिक दाखवून द्रास म्हणायचं आणि वर पैसे घ्यायचे, याला हिंमत लागते. बर्फ कापसाचा आहे ते सोडून देतो. पण कापसाच्या बर्फात उभं राहून एकाच्याही तोंडातून वाफ निघत नाही, आणि त्या विरळ हवेत सगळी पलटण गाणं म्हणत पळत चढते, कुणाला साधी धापही लागत नाही. कर्नलसाहेबांच्या खांद्यावर तीन तारे आहेत. तीन तारे कॅप्टनचे. सबंध चित्रपटभर एक कॅप्टन ब्रिगेडियरला झापतो आणि ब्रिगेडियर ऐकून घेतो.

मी स्वतः फौजी नाही. माझी नोकरी ओझरला विमान कारखान्यात झाली, म्हणून पुढचा मुद्दा माझा. २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना ज्या विमानातून उडी घ्यावी लागली ते मिग-२७ होतं. ओझरला ती विमानं आम्ही बांधली. त्या दिवसांत कॅन्टीनमध्ये कुणी फारसं बोलत नसे. तुमच्या चित्रपटात तो प्रसंग आहे, पण आकाशात दिसतं ते सुखोई-३० एमकेआय. ते हवाई दलात आलं २००२ मध्ये. दोन शेपट्या, दोन इंजिनं. मिग-२७ ला शेपटी एक, इंजिन एक. लहान पोरालाही फरक कळतो. किंबहुना पोरांनाच कळला, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलाने अंधारात मोठ्याने ओरडून सांगितलं.

हे सगळं मी तुमच्या ग्राहक सेवेला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. आधीच्या लोकांनी निदान ‘नोट करतो सर’ म्हणून खोटं तरी बोलायचं सौजन्य दाखवलं. परवाचा फोन मात्र तुम्हाला सविस्तर सांगायलाच हवा. कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतात असं तुम्हीच म्हणता, तेव्हा रेकॉर्डिंग काढा आणि पडताळून बघा.

होल्डवर ठेवल्यावर तुम्ही चित्रपटातलं तेच पळत चढायचं गाणं लावता. ते मी पूर्ण ऐकलं, कडव्यांसकट. सुभेदारसाहेब शेजारीच बसले होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. मग एक तरुण आला. आवाज गोड. मी म्हणालो, तोफ हलत नाही. तो म्हणाला, “सर, आपलं इंटरनेट स्लो असेल, व्हिडिओ फ्रीज होत असेल.” मी म्हणालो, व्हिडिओ हलतोय, माणसं हलताहेत, धूर हलतोय, फक्त तोफ हलत नाही. “सर, ॲप अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करून बघा, हलेल.” महोदय, मी पहिल्याच ओळखीत कुणावर आवाज चढवत नाही. शांतपणे रिकॉइल म्हणजे काय ते समजावलं. तो “ओके सर, ओके सर” करत राहिला. मग म्हणाला, “सर, एक सांगू का? ज्यांना हे सगळं माहिती असतं ना, त्यांच्यासाठी हा पिक्चर नाहीये. हा नॉर्मल लोकांसाठी आहे.”

मी म्हणालो, माझ्या शेजारी बसलेत ते द्रासला बोफोर्सवर होते. त्यांना नॉर्मलमध्ये धरायचं की नाही?

यावर तुमचा माणूस काय म्हणाला? म्हणाला, “बोफोर्स म्हणजे तो स्कॅम ना सर? मग ती तोफ नसेलच हलत.”

आणि हसला. स्वतःच्या विनोदावर, स्पीकरवर, सुभेदारसाहेबांच्या समोर.

१९८६ च्या त्या तोफखरेदीच्या कराराचं राजकारण ज्याचं त्याने करावं, कोर्टकचेऱ्या झाल्या, पेपरांचे रकाने भरले, आम्हीही वाचले. पण त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे आणि रॉकेटं डागली, आणि त्यातली बोफोर्स हलत होती, चांगली हलत होती. सुभेदारसाहेबांचा उजवा कान तेव्हापासून काम करत नाही. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणाला तो?” मी सांगितलं नाही. खोटं बोललो की लाइन कट झाली. इकडे तो तरुण विचारत होता, “सर, आजच्या संभाषणाला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?”

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला जेवढं पढवलंय तेवढंच तो बोलणार. पढवणारे तुम्ही.

बरं, एवढं करून शेवटच्या श्रेयनामावलीत आभार कुणाचे? ड्रोनवाल्यांचे, केटररचे, व्हॅनिटी व्हॅनवाल्यांचे, एका फार्महाउसच्या मालकांचे. ज्या माजी सैनिकांच्या देखरेखीखाली हे झालं त्यांचं नाव मी दोनदा मागे नेऊन शोधलं. एकही नाही. असतं तर बॅरल हलली असती. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर सकाळी अर्धा तास बसला असतात तरी फुकट सल्ला मिळाला असता, चहाचे पैसेही त्यांनीच दिले असते. विचारायला बजेट लागत नाही हो.

तर आता मागणी. आमचे साडेतीन हजार रुपये परत करा. पोस्टर, ट्रेलर आणि ॲपवरून ‘माजी सैनिकांच्या देखरेखीखाली चित्रित’ ही ओळ काढा, किंवा त्या माजी सैनिकांची नावं जाहीर करा. सुभेदारसाहेबांना त्यांना भेटायची फार इच्छा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईलच, शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करू. आमच्याच सोसायटीत दोन वकील आहेत, दोघांनीही चित्रपट पूर्ण बघितलाय आणि दोघेही फी घेणार नाहीत. पुरावा म्हणून स्क्रूच्या दोन डोक्यांचा फोटो काढून ठेवला आहे. आयोगापुढे बोफोर्सची बॅरल किती मागे जाते हे सांगायला साक्षीदार कमी पडणार नाहीत, उलट कुणाला आधी बोलवायचं यावरून भांडणं होतील.

तुमचे आधीचे दोन कौटुंबिक चित्रपट आम्ही याच हॉलमध्ये दाखवले होते, बायाबापड्या डोळे पुसत घरी गेल्या होत्या. म्हणून तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. दिवाळीसाठी तुमच्याच कंपनीचा चित्रपट ठरला होता, तो रद्द केला आहे.

फोन करू नका. ते गाणं पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

सचिव, सांस्कृतिक समिती,
जेलरोड, नाशिकरोड

सोबत : पावतीची प्रत, पोस्टरचा फोटो, तोफेचा फोटो (स्क्रूंभोवती लाल वर्तुळ केले आहे).

ता. क. : शेवटी तुम्ही दुसऱ्या भागाची झलक दाखवली आहे, त्यात रणगाडा दिसतो. त्याला ट्रॅक्टरची चाकं आहेत. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं. नाशिकहून एसटी मिळते.