माझं मधलं नाव 'एनए' नाही

संपादक महोदय,

काल तुमच्या पुरवणीतला नावबदलाचा लेख वाचला, तो रात्रभर डोक्यात राहिला म्हणून सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. ॲफिडेव्हिट करा, कागद जोडा, ऑनलाइन फॉर्म भरा, गॅझेट आलं की झालं, असं तुमचे लेखक म्हणतात. त्यांनी स्वतः नाव बदललंय का कधी? कारण 'गॅझेट आलं की झालं' हे ज्याने गॅझेट काढलेलंच नाही तोच लिहू शकतो.

मी दोन वर्षांपूर्वी माझं मधलं नाव काढून टाकलं. त्या जागी दुसरं काही घातलं नाही, नुसतं काढलं. पूर्वी लोक चर्नी रोडच्या सरकारी प्रेसमध्ये खेपा घालायचे, आता अर्ज ऑनलाइन होतो, तेवढं तुमचं बरोबर आहे आणि राजपत्रवाल्यांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. जुनं नाव, नवीन नाव, विषय संपला. कारण ऐकायचंच असेल तर ऐका, वडील १९८२ च्या गिरणी संपात गावाला जाऊन येतो म्हणून गेले ते तिकडेच दुसरा संसार मांडून बसले, मी तेव्हा सहा वर्षांची. आईने लालबाग-परळात लोकांच्या घरी पोळ्या लाटून मला शिकवलं. वडील घरात नव्हते पण शाळेच्या दाखल्यावर, मार्कशीटवर, रेशनकार्डवर रोज हजर. चाळिशी उलटल्यावर वाटलं आता पुरे.

तर गॅझेट घेऊन मी बँकेत गेले (नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच). काउंटरवरच्या मुलाने प्रिंटआउट उलटसुलट बघितलं, कॉम्प्युटरकडे वळला आणि म्हणाला, मॅडम मधलं नाव सांगा. म्हटलं तेच तर काढलंय. म्हणे सिस्टीममध्ये लाल स्टार आहे, भरल्याशिवाय पुढे जात नाही. म्हटलं मला मधलं नाव नाहीये. तर म्हणे असं कसं मॅडम, सगळ्यांना असतं. मागे पंधरा माणसं उभी, त्यातले एक काका मला समजावायला लागले की अहो बाई घाला ना वडिलांचं, काय बिघडतंय. शेवटी त्या मुलाने आतून सिनियरला विचारून एनए, म्हणजे नॉट ॲप्लिकेबल, असं टाइप केलं. पंधरा दिवसांनी घरी कार्ड आलं, त्यावर छापलेलं, सुनंदा एनए परब.

आता एनए म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, कर्जत-बदलापूरच्या प्लॉटच्या जाहिराती तुमच्याच पेपरात असतात. ऑफिसात सगळ्यांना मी हौसेने कार्ड दाखवलं तर आमचा एक सहकारी म्हणाला, बरं झालं मॅडम बिगरशेती झालात, आता बांधकामाला परवानगी मिळेल. मीही हसले तेव्हा. पण मग पॅन आणि बँकेचं नाव जुळेना, केवायसी अडकली, आणि परत त्याच काउंटरवर गेले तर सांगतात सुनंदा एनए परब आणि सुनंदा परब या एकच व्यक्ती आहेत असं ॲफिडेव्हिट आणा. म्हणजे जे नाव मी ठेवलं नाही, आईने ठेवलं नाही, त्यांच्या सॉफ्टवेअरने ठेवलं, ती मीच आहे हे मी नोटरीपुढे शपथेवर सांगायचं! आणि वर एकाने आयडिया दिली, आधारवर पण एनए करून घ्या ना मॅडम, सगळीकडे मॅच होईल. आधारवर नाव आख्ख्या आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझी एक पाळी वडिलांना काढण्यात गेली, उरलेली एनएवर घालवू?

विशेष म्हणजे पासपोर्टला काही झालं नाही. तिथे दोनच रकाने, नाव आणि आडनाव, आणि पालकांच्या जागी २०१६ पासून आई किंवा वडील एकाचंच नाव चालतं, मी आईचं दिलं. जे दिल्लीला सुचतं ते परळच्या शाखेत का सुचत नाही कळत नाही. आमच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबाची अडचण उलटी, त्यांना आडनावच नाही, नुसता इनिशियल. त्यांचाही फॉर्म अडतो. म्हणजे मधे वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशा आपल्या साच्यात जो बसला तोच माणूस.

लेखात २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दिलाय, नाव हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे वगैरे. छान आहे. तो निकाल त्या लाल स्टारला कुणी वाचून दाखवला असता तर बरं झालं असतं. आणि आईचं नाव लावायच्या सरकारी निर्णयाचं तुम्ही एवढं कौतुक केलंय, तो १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सक्तीचा, आणि त्यातही आईनंतर वडिलांचं नाव आहेच. चांगला निर्णय आहे, नाही म्हणत नाही. पण मधल्या जागेतली गर्दी वाढली, कमी नाही झाली. मलाही सगळे सांगत होते आईचं लाव. आईला विचारलं तर ती म्हणाली, "माझा नाव कित्याक व्हया? तुझा तुका पुरणा नाय?" विषय संपला.

आता लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येते, ज्यामुळे खरं तर हे पत्र लिहितेय. 'वडिलांचं नाव टाकणं म्हणजे स्वतःची मुळं तोडणं.' वा. मुळं म्हणे. पाणी कोण घालत होतं ते आधी विचारा. आणि आडनाव पण बापाचंच ना, असं कुणीतरी लिहीलच तुम्हाला, त्यांना आत्ताच सांगून ठेवते, ते आडनाव आईने चाळीस वर्षं वापरलंय, परळमध्ये परबबाई म्हटलं की तीच, आता ते तिचं आहे.

जाता जाता, गेल्या वर्षी माझं फुटपाथवरचं पत्र छापलंत तेव्हा खाली सौ. सुनंदा परब केलं होतंत. मी सौ. कुणाचीच नाही, मेलमध्ये तसं लिहिलंही नव्हतं, तुमच्याकडे पण स्टार आहे का सौ.वर? आणि या सदराच्या चौकटीत 'पत्राखाली संपूर्ण नाव आवश्यक' असं असतं. खाली आहे ते संपूर्ण आहे. मधलं राहिलं का हे विचारायला कृपया कुणी फोन करू नका.

सुनंदा परब,
परळ, मुंबई