मावशी, ती सुतं मी जपून ठेवली आहेत

आदरणीय मावशी,

वाचनालयात समोर आले की तुम्ही "जा, अभ्यास कर" म्हणून पिटाळता. म्हणून हे लिहून सांगते. परवा माझा एम.ए.चा प्रकल्प जमा झाला. पोचपावती हातात घेतली आणि तिथंच पायऱ्यांवर बसून रडले.

आपल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं. त्या नावावरून मला इंदूर सुचलं आणि इंदूरवरून भाजपच्या सुमित्राताई महाजन. चिपळूणची मुलगी इंदूरची सून झाली. १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून लोकसभेत गेली आणि तिथून सलग आठ वेळा निवडून आली. पण वाजपेयींच्या आघाडी सरकारात १९९९ पासून त्या राज्यमंत्रीच, म्हणजे कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखालच्या मंत्री, राहिल्या. हा विषय घेऊन गेले तेव्हा पहिल्या मार्गदर्शकांनी माझा कागद उघडलासुद्धा नाही. "आघाडीतली राज्यमंत्री बाई म्हणजे शोभेला. त्यात काय लिहिणार?" एवढंच म्हणाले. पुढे तीन महिने त्यांच्या दारात उभी राहिले. एकदाही बसा म्हणाले नाहीत. तो अपमान अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र माझा विषय नीट ऐकून घेतलात. ऐकून म्हणालात, "धाकटी सून पण घर चालवते की! बघू या काय काय केलंय बाईनं." माझ्या अख्ख्या प्रकल्पाचा कणा त्या एका वाक्यात होता. आघाडीत मित्रपक्षांची मनं राखायची असतात, मोठी खाती त्यात वाटली जातात, आणि थांबायला सांगतात ते बहुतेक घरच्याच माणसाला. त्यातही बाईला आधी, असं माझं ठाम मत आहे. ताईंनी पाच वर्षांत मनुष्यबळ विकास, दूरसंचार आणि पेट्रोलियम अशी तीन खाती सांभाळली. दर वेळी वर कॅबिनेट मंत्री दुसराच. पुढे ६ जून २०१४ ला त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. मीरा कुमार यांच्यानंतरच्या दुसऱ्याच महिला.

त्या दिवशी दुपारी मी जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मागितल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आले तर टेबलावर चार फायली आणि त्यांच्या पानापानांतून सुताचे तुकडे लोंबत होते. निवडणुकीच्या बातमीला लाल, मंत्रिपदाच्या बातमीला हिरवं. तुम्ही सुट्टी झाल्यावर थांबून एकेक पान चाळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळणार नव्हते. मी माग चालवणाऱ्या घरातली पोर, सूत बघितलं की मला रात्रपाळी आठवते. त्या दिवशी पहिल्यांदा सुताकडे बघून वाटलं की आपल्यासाठी कुणीतरी जागलंय.

शिकल्यासवरल्या माणसांकडून जो मोठेपणा मिळाला नाही, तो दहावीपर्यंत शिकलेल्या तुमच्याकडून मिळाला. अशी माणसं प्रत्येक कचेरीत एक तरी असतात. त्यांच्या नावाची पाटी कुठंच नसते. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी तुमचं नाव घातलंय, रागावू नका.

सोमवारी प्रत घेऊन येते. अम्मापण येणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, पण ते हिरवं सूत कुठल्या मागावरचं ते तिला तुम्हाला विचारायचंय.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची मुलगी