तेल वरून येत होतं: घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना पत्र

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, त्यामुळे हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवणार आहे. त्याने तसं कबूल केलंय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या दिवशी अंगणात तुम्ही जे दाखवलंत ते माझ्या एकटीजवळ राहू नये. वडिलांची, सासऱ्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी जपून ठेवलेली माणसं अजून खूप आहेत आणि त्यांच्या गाडीखालीही रोज सकाळी तेलाचा काळा डाग असतो.

फेब्रुवारीत आम्ही कराडहून गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. बाबा एकोणऐंशीचे. "एकदा आपल्या गाडीतून जाऊन येऊ" एवढंच त्यांनी मागितलं होतं. पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरलो आणि घाटाखालच्या टपरीवर चहाला थांबलो. तुम्ही बाकावर बसला होतात. आमचा चहा संपायच्या आत तुम्ही उठून गाडीखाली वाकून बघितलंत, जमिनीवरचा थेंब बोटावर घेतलात, चोळलात, हुंगलात आणि बाबांना विचारलंत, "साहेब, किती दिवस गळतंय?"

दीड वर्ष गळत होतं, काका. तेव्हा घाईत सगळं सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते. आधी बशीएवढा डाग पडायचा, मग ताटाएवढा. दोनशे किलोमीटरला पाव लिटर ऑइल वरून घालावं लागायचं. सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळका वास यायचा, तो आला की बाबा काच खाली करून गप्प बसायचे. पहिल्या गॅरेजने खाली टॉर्च मारला, बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाच्या, तळाशी थेंब दिसला आणि म्हणाले, "क्रँकचं मागचं सील गेलं." म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रिंग. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, मजुरीसकट मोठी रक्कम झाली. आठ दिवसांत डाग परत पडला. दुसऱ्या गॅरेजने "हाफ इंजिन करून घ्या", म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्त करा, म्हणून सांगितलं. तिसऱ्याने जाड ऑइल घालायला लावलं, त्याने सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास व्हायला लागला, गळती होती तेवढीच राहिली. शेवटी एकाने प्रेमानेच सांगितलं, "ताई, भंगारात द्या, चांगला भाव येईल." बाबा शेजारीच उभे होते.

बाबांनी ही गाडी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतली. १९८४ साली ती दारात आली तेव्हा मी चौथीत होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन हे सगळं बाबा आजही पाहुण्यांना सांगतात. पन्नास वर्षं झाली की सरकार गाडीला विंटेज मानतं, आमच्या गाडीला अजून दहाएक वर्षं आहेत. तोवर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पासिंग एप्रिलवर आलेलं. तेल गळणारी गाडी घेऊन आरटीओत उभं राहायचं या विचाराने मला झोप लागत नव्हती.

तुम्ही हे काही ऐकायच्या आधीच म्हणालात, "सील नाही. वरून येतंय."

मी विचारलं, कशावरून? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी गाडीत बसल्यावर बाबांच्या वहीत लिहून ठेवलंय. "ताई, पावसात घर गळतं तेव्हा पाणी जिथे पडतं तिथलं कौल फुटलेलं नसतं. कौल फुटतं आढ्याजवळ. पाणी वाशावरून ओघळत येतं आणि पडतं चुलीपाशी. तुम्ही चुलीवरची कौलं बदलत बसलात तर पावसाळा संपेल."

दीड वर्षात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बेल हाउसिंग हा इंजिनाचा मागचा आणि जवळजवळ सगळ्यात खालचा भाग. वर कुठूनही तेल सुटलं तरी ते उतरत, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जात तिथेच येऊन थेंब धरणार. मागचं सील गेलं तरी थेंब तिथेच पडणार. म्हणजे नुसता थेंब बघून काहीच कळत नाही. हे एवढं समजायला आम्हाला तुमच्या टपरीपर्यंत यावं लागलं.

मग तुम्ही आम्हाला घरी नेलंत. अंगणात, फणसाच्या सावलीत गाडी लावायला सांगितलीत. बाबांना ओटीवर खुर्ची आणि मला पत्र्याच्या ट्रंकेतून हत्यारं काढायचं काम. मुंबईत पस्तीस वर्षं टॅक्सीची इंजिनं खोलल्याचं तुम्ही सांगितलंत ते काम चालू असतानाच, जाता जाता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, ती बातमी तुम्ही टीव्हीवर बघितलीत आणि त्या दिवशी जेवला नाहीत, हे मात्र तुम्ही नाही, काकूंनी सांगितलं.

आता त्या दुपारचं नीट लिहिते. कुठे चुकलं तर नातवाकडून कळवा.

इंजिन गार होईपर्यंत तुम्ही हात लावला नाहीत. मग कार्ब्युरेटर आणि डेल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलेत आणि रॉकेलमध्ये ब्रश बुडवून इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलंत. दीड वर्षाची काळी चिकट राड निघाली तेव्हा खाली ब्लॉकचा मूळ रंग दिसला. कोरड्या फडक्याने पुसून तासभर उन्हात ठेवलंत. मग आत जाऊन नातीच्या टाल्कम पावडरचा डबा घेऊन आलात. मला वाटलं हात कोरडे करायला आणलाय. तुम्ही फडक्याची पुरचुंडी करून ती पावडर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या, कडेला, हेडच्या सांध्यावर, पेट्रोल पंपाच्या बुडाशी, ऑइल प्रेशरच्या स्विचभोवती, टायमिंग कव्हरवर, अगदी खाली संपच्या, म्हणजे तेल साठतं त्या तळाच्या भांड्याच्या, कडेपर्यंत हलक्या हाताने उडवलीत. इंजिन पांढरं धोप झालं. पिशव्या सोडल्यात आणि म्हणालात, "सुरू करा. रेस नका देऊ. बसून राहा."

दहा मिनिटं काही झालं नाही. तुम्ही दाढीचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन वाकून बघत होतात. हेडची मागची बाजू ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेली असते, तिथे डोकं घालून बघता येत नाही, म्हणून आरसा. मग थोडी रेस द्यायला सांगितलीत आणि दोन-तीन मिनिटांत मला हाक मारलीत.

त्या आरशात मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर राखाडी झाली होती, ओल्या भिंतीला ओल चढते तशी. आमच्या डोळ्यांदेखत तिथून सुतासारखी एक रेघ निघाली, हेडवरून खाली उतरली, ब्लॉकच्या मागे वळली आणि बेल हाउसिंगवर गेली. खालची पावडर अजून पांढरी. संप कोरडा. पंप कोरडा. एवढ्या मोठ्या इंजिनात एकच रेघ. बाबांना ओटीवरून उठवून आणलं मी. ते आरशात खूप वेळ बघत राहिले.

दुसरा कुणी असता तर कव्हरखालची गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसणारी पट्टी, बदलून मोकळा झाला असता. तुम्ही थांबलात. इंजिन चालू असतानाच वरचं ऑइलचं झाकण काढलंत आणि वहीतला एक पातळ कागद फाडून त्या तोंडावर धरलात. कागद फडफडून उडाला. तुम्ही पुन्हा धरलात, पुन्हा उडाला. "हे बघा, पोटात वारा अडकलाय," म्हणालात. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या इंजिनातही उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप असतो. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. तुम्ही पाइप काढून अंगणात आपटलात तेव्हा आतून डांबरासारखा गोळा पडला. मला वाटतं माझ्या लग्नाआधीचा असेल तो. तारेने आणि रॉकेलने पाइप साफ झाला. नंतर कागद धरलात तेव्हा तो तोंडावर शांत बसून राहिला.

मग कव्हर उतरवून तुम्ही ते काकूंच्या ओट्याच्या कडाप्प्यावर पालथं ठेवलंत आणि पलीकडून टॉर्च धरायला सांगितलीत. नटांच्या जवळ कड खाली दबलेली आणि मागच्या कोपऱ्यात उचललेली, उचललेल्या भागातून उजेड आरपार येत होता. गळतंय म्हणून आम्ही ज्या ज्या गॅरेजात गेलो तिथे प्रत्येकाने नट आणखी आवळले होते. जितके आवळले तितकी कड वाकली आणि तितकं जास्त गळायला लागलं. लाकडाचा ठोकळा आतून धरून लहान हातोडीने तुम्ही ती कड टिचक्या मारल्यासारखी ठोकत सरळ केलीत. अर्धा तास गेला असेल. चार वेळा कडाप्प्यावर ठेवून बघितलंत.

आणि ती गॅस्केट! ट्रंकेच्या तळाशी, पुठ्ठ्याला सुतळीने बांधून ठेवलेली कॉर्कची गॅस्केट. मुंबई सोडताना आणलेली, म्हणालात. कोरडी पडून आखडली होती, ती कोमट पाण्याच्या परातीत बुडवून ठेवलीत आणि तेवढ्यात काकूंनी आम्हाला कुळथाची पिठी आणि भात वाढला. जेवून उठलो तर गॅस्केट बरोबर मापाची झालेली. ती पुसून कोरडी केलीत, कव्हरच्या बाजूला अ‍ॅनाबॉन्ड या चिकटवणाऱ्या लेपाचा पातळ थर दिलात, हेडच्या बाजूला काहीच नाही, म्हणजे पुढच्या वेळी फाटल्याशिवाय निघेल. नट बोटांनी बसवलेत आणि पाना माझ्या हातात दिलात. "पाव फेरा. पुरे. आता पाना खाली ठेवा." मला आणखी थोडं आवळावंसं वाटत होतं आणि तुम्ही ते ओळखलंत.

गुहागरला दर्शन झालं. येताना घाट चढून कोयनानगरला थांबलो तेव्हा मी गाडीखाली वर्तमानपत्र घातलं आणि आम्ही दोघं अर्धा तास बसून राहिलो. कागद कोरडा. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पुढचा प्रवास त्यांनी गाडी चालवायला मागितली. स्टिअरिंगवरचा गिअर टाकताना त्यांचा हात जराही चाचपडला नाही. पाटणपर्यंत त्यांनीच चालवली. दोन वर्षांनी.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत. बाबांनी खिशात कोंबायचा प्रयत्न केला तर तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "साहेब, मला हे इंजिन परत बघायला मिळालं." त्यावर आम्हाला बोलता आलं नाही. साताऱ्याचे कंदी पेढे पाठवले ते पोचल्याचं नातवाने कळवलं. पेढ्यांनी काय फिटणार आहे! ज्या माणसाला गाडी भंगारात द्या म्हणून सांगितलं होतं, त्याला तुम्ही एका दुपारीत त्याची गाडी परत दिलीत. आणि मला दिलंत ते वेगळंच. आजवर बॉनेट उघडलं की मी बाजूला उभी राहून समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. आता मी इंजिनाकडे बघते.

एप्रिलमध्ये पासिंग झालं. चार महिन्यांत सोळाशे किलोमीटर झाले, तुम्ही सांगितलंत तसं परत २० डब्ल्यू ४० ऑइल घातलंय आणि तेल मोजायच्या डिपस्टिकवर तेलाची पातळी जवळजवळ होती तिथेच आहे. बाबा दर रविवारी स्वतः बघतात आणि वहीत लिहितात.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणाला होतात की या इंजिनाखाली आठवड्याला एखादा थेंब पडला तर घाबरू नका. काल पुठ्ठ्यावर एक थेंब दिसला, आठ आण्याच्या नाण्याएवढा, पुढच्या बाजूला. मी अजून काही खोललेलं नाही, काही आवळलेलंही नाही. रॉकेल आणून ठेवलंय. पाऊस ओसरला की इंजिन धुऊन पावडर मारणार आहे आणि जिथे रेघ उमटेल त्याचा फोटो नातवाच्या फोनवर पाठवेन. तुम्ही बघून सांगा. गणपतीनंतर बाबांना घेऊन येतेच आहे, काकूंसाठी कराडचा गूळ आणते.

तुमची,
पद्मिनीवाली ताई, कराड