नाना, बिल्टीमागचं ते गणित अजून माझ्याकडे आहे

नाना,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहितोय याचं तुम्हालाच हसू येईल. फोन आहे, शिरपूर काही लांब नाही, आणि तुमचं वाचणं चौथीनंतर रस्त्यावरच्या पाट्यांपुरतंच राहिलं. पण समोर बसलो की तुम्ही बोलू देत नाही. "च्या पी" म्हणता आणि विषय टायरवर नेता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितो. नात वाचून दाखवेल. तिला मधे मधे थांबवू नका.

2018 साली मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन. आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं, तेच वर्ष. पुढची दोन वर्षं धुळ्याच्या अभ्यासिकेत गेली. तलाठी, पोलीस, वनरक्षक, जिथे जागा निघेल तिथे फॉर्म. मग लॉकडाऊन लागला, तुमच्या ट्रकवरचा क्लिंडर, म्हणजे मदतनीस, गावी गेला तो परतलाच नाही, आणि चोपड्याकडच्या बागांमध्ये केळीचे घड कापणीला आलेले. तोंडाला रुमाल बांधून तुम्ही आमच्या ओट्यावर आलात आणि बाबांना म्हणालात, पंधरा दिवस पोरगा द्या. ते पंधरा दिवस अजून संपले नाहीत.

ड्रायव्हरी शिकवली म्हणून आभार मानायचे तर तुम्ही म्हणाल, त्यात काय, मलाही कुणीतरी शिकवलीच. माझं मानणं वेगळ्या गोष्टीचं आहे. "एवढं शिकून शेवटी ट्रकवर?" हे मी किती तोंडून ऐकलं त्याचा हिशेब नाही. चुलत भावाच्या हळदीत तर एका पाहुण्याने माझ्यादेखत बाबांना विचारलं, "मग ते कॉलेज कशाला केलं?" बाबा पत्रावळीकडे बघत राहिले. तुम्ही मात्र हा प्रश्न एकदाही विचारला नाहीत. तुम्ही विचारायचात, "तुनं पुस्तक काय म्हनस?"

तसं कागदोपत्री बघितलं तर माझ्या पदवीचं या धंद्यात काही काम नाही. पूर्वी हेवी लायसनला निदान आठवी पासची अट होती, 2019 साली सरकारने तीही काढली. लागते ती हलक्या गाडीच्या लायसनची एक वर्षाची जुनी तारीख. ते वर्षही तुम्ही नियमाने काढायला लावलंत. बाकीच्या गाड्यांवरची पोरं रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायची, आणि मी ताडपत्री बांध, रस्सा ओढ, लोखंडी टामीने चाकं ठोकून हवा बघ. तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला बऱ्याच शिव्या दिल्या, हे आज सांगून टाकतो.

बिजासन घाटाचं मात्र सविस्तर लिहितो, कारण तुम्ही ते कुणालाच सांगितलं नाहीत. मालकालाही नाही.

2022 चा मे. हेवी लायसन हातात येऊन तीन आठवडे झालेले. इंदूरहून गहू भरून येत होतो. गाडी दहाचाकी, काट्यावर मालासकट 28 टनांच्या वर. सेंधव्यापर्यंत तुम्ही चालवली आणि तिथे उतरून माझ्या बाजूला येऊन बसलात. देवीच्या देवळापाशी हात जोडले, उतार सुरू झाला. तुमचा नियम पाठ होता: "ज्या गेरमा चढस, त्याच गेरमा उतरस." पण सुरुवातीचा उतार सोपा वाटला, मागून एक बस हॉर्न देत होती, आणि मी एक गेर वर टाकला. मग वेग आवरायला पाय ब्रेकवर. तो तिथेच राहिला.

आधी वास आला, ब्रेकच्या जळक्या लायनरचा. मग आरशात मागच्या चाकातून धूर. पाय खाली खाली जायला लागला आणि गाडी काही ऐकेना. तुम्ही स्टिअरिंगकडे हात नेला नाहीत. आवाजही चढवला नाहीत. एकदा जोरात दाब, गेर पाड, पाय काढ, एवढंच. मी तसं केलं. इंजिन ओरडलं आणि गाडी त्याच्या जोरावर धरली गेली. पुढे रुंद जागा आली तिथे बाजूला घेतली, उतरून चाकांना दगड लावले. माझे गुडघे लटपटत होते. मी पाण्याचा कॅन घेऊन मागच्या चाकाकडे धावलो, तर तुम्ही मनगट धरलंत. "पानी टाकू नको, ड्रम तडकी जाई."

तासभर तिथेच बसलो. शिव्या पडतील म्हणून मी तयार होतो. तुम्ही बिडी पेटवलीत आणि विचारलंत, इतकी आग येते कुठून?

मग मी एका जुन्या बिल्टीच्या, म्हणजे मालासोबतच्या पावतीच्या, मागे मांडून दाखवलं. साडेअठ्ठावीस टनांची गाडी 100 मीटर खाली आली, की उंचीमुळे तिच्यात साठलेली सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे तिची उष्णता होणार. ती सगळी ब्रेकवरच घेतली तर आकडा येतो जवळजवळ 2 कोटी 80 लाख ज्यूल. तुम्हाला ज्यूल कळेना म्हणून पाण्यात केलं. तेवढ्यात 95 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येतं. आणि हे फक्त 100 मीटरचं, घाट तर पुढे उरलेलाच. खालच्या गेरमध्ये हेच ओझं इंजिन पेलतं, ब्रेक थंड राहतो.

तुम्ही बराच वेळ कागदाकडे बघत होता. "म्हंजे पाच हंडा पानी उकळी जाई इतली आग, चाकमा?" मी म्हटलं, हो. तर म्हणालात, "पुस्तकमा व्हतं, मंग पाय काबर ठेवा?"

पाय का ठेवला, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. ती बिल्टी घडी घालून लायसनच्या पाकिटात ठेवली आहे. त्यानंतर पळासनेरपर्यंत उरलेला घाट तुम्ही मलाच उतरवायला लावलात. पुढच्याच वर्षी पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर हॉटेलात घुसून माणसं गेली, ती बातमी आली तेव्हा मी नागपूर रोडवर होतो. गाडी बाजूला घेऊन पहिला फोन तुम्हाला केला होता. काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

जळगावहून चटया भरून निघालो आणि चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटून रात्रभर अडकलो, तेही आठवतं. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपत आलेली. मुदतीच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवून घेता येते, हे मी वाचलेलं, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला झोपेतून उठवून वाढवायला लावली. दंड वाचला. तुम्ही धाब्यावर शेवभाजी खाताना शेजारच्या बाजेवरच्यांना दोनदा सांगितलंत, "आमना क्लिंडर बी.एस्सी. शे." हळदीतल्या त्या पाहुण्याला तिथे बसवायला हवं होतं.

आणि बाबांचं. मी पक्का ड्रायव्हर व्हायचं म्हटल्यावर ते माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. तुम्ही घरी येऊन नुसतं गोड बोलला असता तर त्यांनी ऐकलं नसतं. पाठ जाते, शुगर लागते, दिवाळी रस्त्यात होते, मुलगी द्यायला लोक का-कू करतात, हे सगळं तुम्ही आधी सांगितलंत. मग पगार आणि भत्त्याचा हिशेब. शेवटी म्हणालात, याला गुटखा खाताना बघितलं तर मीच गाडीवरून उतरवीन. बाबा अजूनही खूश नाहीत. पण गाडी कुठे पोचली ते रोज रात्री विचारतात.

मालकाने नवी गाडी घेतली. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, त्यातली. तुम्ही मे महिन्यात इंजिनाच्या झाकणावर ओलं पोतं टाकायचात, ते आठवून मला या गारव्यात थोडं चोरट्यासारखं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं की एक फेरी माझ्याबरोबर या. चालवायची नाही, बाजूला बसायचं.

गुरुवारी रात्री शिरपूरवरून जाईन. आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दिलाय तुमच्यासाठी. गावात रात्री हॉर्न मारायचा नाही हे लक्षात आहे, तेव्हा दाराची कडी वाजवीन.

तुमचा,
बी.एस्सी. क्लिंडर